'बराबर' म्हणजे कोण जिंकलं?

अमडापूरच्या श्रीपत पैलवानावर अन्याय झाला. गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या बाजारी, धाडच्या दंगलीत, शेवटच्या कुस्तीला, दिवस कलल्यावर झाला. श्रीपतनं समोरच्या गड्याची पाठ मातीला लावली होती. मैदानातून घरी गेलेल्या बहुतेक लोकांना मात्र कुस्ती बरोबरीत सुटली असंच माहीत आहे. हे कसं झालं ते मी सांगू शकतो, कारण ज्या मशीनमधून ती खोटी बातमी बाहेर पडली, ती मशीन मी चालवत होतो.

मी बुलढाण्याच्या एका लाऊडस्पीकरच्या दुकानात नोकर आहे. सभा असो, लग्न असो, कीर्तन असो, बोलावतील तिथे सामान घेऊन जातो. उरलेल्या वेळात पत्रकं लिहितो आणि वाटतो. दोन्ही कामांत आवाज मोठा करायचा असतो, म्हणून मला ती फारशी वेगळी वाटत नाहीत. आमच्या शेटजींना वाटतात.

कुस्त्यांची दंगल पाहायला येणाऱ्याला वाटतं, सगळं आखाड्यातल्या मातीत घडतं. मातीत घडतं ते थोडं. बाकीचं मंडपाच्या मागे घडतं. कोणती जोड केव्हा पुकारायची, कोणाला थांबवून ठेवायचं, लोक कंटाळले की काय करायचं, हे सगळं तिथे ठरतं. धाडच्या दंगलीचा मंडप नानासाहेबांच्या ताब्यात होता. नानासाहेब म्हणजे दंगल कमिटीचे अध्यक्ष. जमीन मोठी, घरचा आखाडा, आखाड्यात सांभाळलेले पैलवान. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच लाऊडस्पीकर आणवला. आसपासच्या गावांत त्याची दवंडी पैलवानांच्या नावाआधी फिरली.

सामान काय असतं ते सांगतो. मशीन म्हणजे एक लोखंडी पेटी, आत काचेचे व्हॉल्व्ह. ती मोटारच्या बॅटरीवर चालते. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज निघत नाही, तोवर पेटीकडे बघत बसावं लागतं. पेटीतून तार निघते ती भोंग्यांना जाते. मी एक भोंगा बाजाराच्या अंगाला कडुनिंबावर चढवला आणि दुसरा समोरच्या बाजूला, उलाळ करून, म्हणजे मागे कलंडून उभ्या ठेवलेल्या बैलगाडीच्या वर गेलेल्या दांड्यांना बांधला. राहिला माइक. आमच्या माइकच्या दांड्याला खटका आहे. दाबला की बोलणं भोंग्यात जातं, सोडला की बंद. खटका उगाच दाबून ठेवला तर भोंग्यातला आवाज परत माइकात शिरतो आणि मशीन शीळ घालते. ती शीळ एकदा ऐकली की बैल दावं तोडतात. म्हणून पुकारणाऱ्याला आमची पहिली ताकीद हीच असते, की बोलायचं असेल तेव्हाच खटका दाबा.

पुकारायला गुलाबराव मास्तर होते. धाडच्या शाळेतले. आवाज दणदणीत, माणूस सरळ. सकाळपासून ते पैलवानांची नावं, गावं, वस्तादांची नावं न अडखळता सांगत होते. दुपारी त्यांनी मोठ्या जोडीचं नाव घ्यायला माइक उचलला तर नानासाहेब मंडपातून उठून आले.

"मास्तर, ते जोड आताच नोका पुकारू. बाजार उठाचा हाय अजून. बाजार उठला की मानसं इकडंच येतीन."

"मंग तवरिक काय करू?"

"पोट्ट्याईच्या रेवडीच्या कुस्त्या लावा. अन् बोलत राहा. भोंगा मुका झाला की लोकं उठून जातात."

"बोलू काय? पैलवानाईचे आजे-पंजे सांगून झाले माहे."

"मंग सासरे सांगा."

मास्तरांनी खरोखरच एका पैलवानाचं सासर सांगितलं. लोक हसले आणि बसून राहिले. लोक बसून राहिले पाहिजेत, एवढंच या धंद्याचं गणित असतं. यात मला काही वावगं वाटत नाही. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे.

नानासाहेबांनी सकाळीच दोन नव्या रिती काढल्या होत्या. आजवर आमच्याकडे कुस्तीचा निकाल पंच हातानं देतो. जिंकणाऱ्याचा हात धरून वर केला, झाला निकाल. डफडेवाले त्या हाताकडे बघत असतात. हात वर झाला की जीतीची चाल, धडाधड. कुस्ती सुटली, म्हणजे कोणीच पडलं नाही, तर संथ चाल, आणि दोघं पैलवान हातात हात घालून फिरतात. आता लाऊडस्पीकर आणलाच आहे, तर निकाल पंचाच्या तोंडून सगळ्या मैदानाला ऐकू जावा, असं नानासाहेबांचं म्हणणं पडलं. नागपूरला असंच करतात म्हणे. मास्तरांनी धावत जाऊन माइक पंचाच्या तोंडाशी धरायचा. आणि डफडेवाल्यांनी हाताकडे बघत बसू नये, भोंग्याकडे कान ठेवावा. लांब बसलेल्यांना हात दिसतो कुठे?

कल्पना मलाही आवडली. दिवसभर ती नीट चाललीही. पंच होते चिखलीचे रहीम उस्ताद. स्वतः जुने पैलवान, कान चुरगळलेले, बोलणं कमी. मास्तर माइक नेत, उस्ताद "जीत" म्हणत, नाव सांगत, डफडं वाजे.

शेवटची कुस्ती श्रीपतची आणि दौलतची. दौलत नानासाहेबांच्या आखाड्यातला. तरणा, वजनदार. श्रीपत अमडापूरचा, सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोंदरे, म्हणजे मोठे गठ्ठे, उचलून कमावलेलं शरीर. वय सरत आलेलं. गुडघा दुखतो, आणखी एखादं वर्ष चालेल असं तो स्वतःच सांगतो. जो जिंकेल त्याला कमिटी आपल्या भागातर्फे नागपूरच्या दंगलीला पाठवणार होती. मध्यप्रांत-वऱ्हाडात वऱ्हाडच्या माणसाला नागपूरच्या मैदानात आपलं नाव पुकारलं जाणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको. आपला कापूस तिकडे दरवर्षी जातो, आपला पैलवान क्वचित. आणि कुस्ती सुटली तर? तर दोघांतून कोणाला पाठवायचं ते कमिटी ठरवणार होती. कमिटी म्हणजे कोण, ते वर सांगितलंच आहे.

कुस्ती बराच वेळ चालली. दौलत रेटत होता, श्रीपत सरकत होता. अंग अंगाला लागून दोघं कडुनिंबाच्या बाजूला आले. तिथे श्रीपतनं ढाक मारली. ढाक म्हणजे समोरच्याचा हात काखेत दाबून, आपलं अंग फिरवून त्याला खाली घेण्याचा डाव. दौलत उताणा पडला. दोन्ही खांदे मातीला लागले. मशीन मंडपालगत, आखाड्याच्या त्याच कडेला होती, त्यामुळे मी हे पाहिलं. कडुनिंबाखाली बसलेल्यांनीही पाहिलं. समोरच्या, म्हणजे बैलगाडीच्या बाजूच्या लोकांना श्रीपतची पाठ तेवढी दिसली.

उस्तादांनी वाकून पाहिलं, उभे राहिले आणि बोलले. त्यांच्या तोंडचं वाक्य असं होतं: "पीठ लागली, बराबर." पीठ म्हणजे पाठ. मास्तर माइक घेऊन धावतच होते. ते पोचले, खटका दाबला, तोवर वाक्य निम्मं होऊन गेलं होतं. दोन्ही भोंग्यांतून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं ते एवढंच:

"बराबर."

आता हा शब्द बघा. चहात साखर बराबर हाय, म्हणजे ठीक आहे. वाट बराबर हाय, म्हणजे चुकलेली नाही. पीठ बराबर लागली, म्हणजे नीट लागली, शंका नको. आणि दोन बैल बराबर, म्हणजे सारखे. कुस्ती बराबर सुटली, म्हणजे कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. आपण वऱ्हाडी माणसं दिवसातून कितीदा हा शब्द वापरतो आणि कधी घोटाळा होत नाही, कारण मागचं-पुढचं वाक्य सोबत असतं. त्या दिवशी भोंग्यानं मागचं वाक्य तोडून टाकलं. पुण्याकडचा कोणी म्हणेल, तुमची भाषाच ढिली. त्याला माझं उत्तर असं की 'बरोबर'चे तुमच्याकडेही हेच दोन अर्थ आहेत. तुमच्या पंचापुढे अजून कोणी अर्ध्या वाक्यावर खटका दाबलेला नाही, इतकंच.

डफडेवाल्यांना सांगितलं होतं, भोंग्याकडे कान ठेवा. त्यांनी ठेवला होता. त्यांनी संथ चाल धरली. दौलतच्या आखाड्याची पोरं आत घुसली आणि त्यांनी दौलतला खांद्यावर घेतलं. मागून मैदान उठलं. उस्ताद श्रीपतचा हात धरायला निघाले होते, त्यांच्या आणि श्रीपतच्या मधे माणसांची भिंत उभी राहिली. श्रीपत जागेवर उभा होता, उजवा हात थोडा पुढे करून. कोणीतरी तो वर करील म्हणून.

उस्ताद गर्दीतून मंडपाकडे आले.

"मास्तर, हे काय वाजून राह्यलं?"

"उस्ताद, तुम्हीच तं बराबर म्हनलं."

"अरे, पीठ बराबर लागली म्हनलं मी."

मास्तरांनी माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले अर्धंच आयकू आलं हो. चालू ठेव रे मशीन, मी पुन्हा पुकारतो."

या माणसाबद्दल मला तक्रार नाही. चूक झाली, ती त्याला दिसली, ती सुधारायला तो माइक उचलत होता. तेवढ्यात नानासाहेब आले.

"काय पुकारता मास्तर?"

"निकाल, नानासाहेब. श्रीपतची जीत हाय."

"भोंग्यात काय गेलं?"

"बराबर गेलं, पन—"

"लोकाईनं काय आयकलं?"

"बराबर."

"मंग झालं ना बराबर."

मंडपातले चार लोक हसले. उस्ताद हसले नाहीत. "नानासाहेब, पंच कोन हाय? मी का तुमचा भोंगा?"

"तुम्हीच उस्ताद. मंग हात वर केला का तुम्ही कोनाचा? नाही ना केला. हात वर झाला असता तं गोठ वेगळी होती."

वाचकांनी इथे थांबावं. डफडेवाल्यांना हाताकडे बघू नका म्हणून याच माणसानं सांगितलं होतं. निकाल भोंग्यातून द्यायची रीत याचीच. भोंगा चुकला तेव्हा भोंगाच खरा ठरला. पंच खरं सांगायला लागले तेव्हा यांना हाताची रीत आठवली. एका चुकीला दोन्ही बाजूंनी टेकू लावला की ती निकाल होते, हे मी त्या मंडपात पाहिलं.

मी म्हणालो, "नानासाहेब, एक वाक्य सांगाचं हाय. मशीन चालूच हाय. लोकं अजून मैदानात हायेत."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. "तू मशीनवाला ना बे? मंग मशीनचं पाय. पत्रकं बुलढान्यात वाट." आणि बाजूच्या गड्याला म्हणाले, "बंद कर रे हे."

त्या गड्याला बटण माहीत नव्हतं. त्यानं बॅटरीची तार धरली आणि ओढली. तार मुळातून तुटली. भोंग्यात एक खरखर झाली आणि आवाज गेला.

मी खाली बसून तार सोलायला लागलो. दात, नखं, जे मिळेल त्यानं. श्रीपत कसाबसा गर्दीतून तिथे आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. पाठीवर माती नव्हती, फक्त गुडघ्यांना होती. ही पाठ आणि दौलतची पाठ एकदा शेजारी पाहिली असती तरी कमिटीला कळलं असतं.

"भाऊ, एक शब्दच गेला ना चुकीचा?"

"एकच."

"मंग वापस घ्याले येवढा येळ काऊन लागून राह्यला?"

"तार तुटली पैलवान. अन् जोडली तरी मशीन तापा लागते."

"मी तापलेलोच हाय. मलेच लाव तुह्या तारीले."

तो हसला नाही, पण मला हसू आलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. तार बांधली, मशीनचा दिवा लागला, व्हॉल्व्ह तापायची वाट बघत बसलो. इकडे गाड्या जुंपल्या जात होत्या. बुलढाण्याची मोटार हॉर्न वाजवत होती, ती चुकली की मुक्काम. लोक थांबणार कशाला? त्यांच्या लेखी निकाल लागला होता. डफडेवाले डफड्यांवर फडकी गुंडाळत होते.

मशीन बोलायला लागली तेव्हा उस्तादांनी स्वतः माइक घेतला. खटका कसा दाबायचा ते मला विचारलं, दाबला, आणि म्हणाले, "श्रीपतची जीत हाय. दौलतची पीठ लागली. मी पंच सांगून राह्यलो." आवाज खणखणीत गेला. इतका साफ आवाज आमच्या मशीननं क्वचित दिला असेल. ऐकायला मंडप सोडणारे मजूर होते, फुटाणेवाला होता आणि रेवड्या वेचणारी शेरडं.

कमिटीनं तिथेच ठराव केला. कुस्ती बरोबरीत सुटली, सबब नागपूरला दौलतनं जावं. उस्ताद ठरावाच्या मधेच उठले. जाताना एवढंच म्हणाले की ज्या मैदानात पंचापेक्षा भोंगा मोठा, तिथे पंच म्हणून पुन्हा येणार नाही.

दुकानात शेटजींनी मला उभं केलं. "काऊन रे, धाडवाले सांगून राह्यले तू दंगलीत तमाशा केला?"

"त्याईनं बॅटरीची तार तोडली शेटजी."

"तार तोडली तं तारीचं सांग. जीत कोनाची झाली ते तुले काय करा लागते?"

"आवाज आपला होता म्हणून."

"आवाज आपला, बोलनं त्याईचं," शेटजी म्हणाले. धंद्याचा नियम म्हणून ते ठीक असेल. मला तो पटत नाही. पत्रक छापणारा छापखाना असं म्हणू शकत नाही, सरकार त्यालाही धरतं. मग भोंगेवाल्यानं कानांवर हात का ठेवावेत?

दौलत मला पुढे चिखलीच्या मोटार अड्ड्यावर भेटला. नागपूरला निघाला होता, हातात वळकटी. मी सरळ विचारलं.

"दौलत, पीठ लागली होती का?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "लागली. मानेपर्यंत माती गेली होती माह्या."

"मंग तवाच बोलला काऊन नाही?"

"मले कोनं इचारलं? पोट्ट्याईनं उचललं, मी वर गेलो. वरून खाली येऊन सांगू का, मी पडलो म्हनून?" वळकटी काखेत मारून म्हणाला, "अन् दूध कोनाच्या म्हशीचं पेतो मी, ते तुले मालूम हाय."

"मी हे लिहीन."

"लिहिजो. मी नाही म्हननार नाही. पन कमिटीपुढं मले नोको उभं करू." मोटारीत चढताना त्यानं मागे वळून म्हटलं, "श्रीपतले सांगजो, माह्या मनात काही नाही."

मी सांगितलं. श्रीपत म्हणाला, "त्याच्या मनात काऊन राहीन? तो तं पडला होता." नागपूरला दौलतचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही. तो जिंकला काय नि हरला काय, तिथली जागा श्रीपतची होती.

माझ्या कामापुरतं मी बदललं आहे. आता दंगलीचं काम आलं की आधीच सांगतो: पंचानं हात वर केल्यावरच माइक पुढे जाईल, डफडेवाले हाताकडे बघतील, आणि भोंग्यातून निकाल जाईल तो अमुक गावच्या अमुकची जीत असा, नावानिशी. 'बराबर' हा शब्द मी माइकवर येऊ देत नाही. सभेच्या आधी कोणी विचारलं, आवाज बराबर हाय का, तरी मी म्हणतो, साफ हाय. लोकांना वाटतं, याला काही झालंय. झालंच आहे.

राहिला श्रीपत. येत्या पोळ्याच्या आधीच्या बाजारी धाडला कमिटीची बैठक आहे. पुढच्या वर्षी नागपूरला कोणाला पाठवायचं ते तिथे ठरेल. श्रीपतनं अर्ज केला आहे की त्या कुस्तीचा निकाल दुरुस्त करा आणि माझी जागा मला द्या. गुडघा तोवर टिकेल असं तो म्हणतो. त्यानंतरचं म्हणत नाही. मास्तर बोलणार आहेत. उस्ताद पंच म्हणून येणार नव्हते, साक्षीला येणार आहेत. नानासाहेबांनी उत्तर तयार ठेवलं आहे: दोघं-तिघं म्हणतात म्हणून निकाल फिरत नाही, मैदान म्हणालं पाहिजे.

मैदान म्हणजे तुम्ही. त्या दिवशी तुम्ही कडुनिंबाच्या बाजूला बसला होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो, पुढे सरका म्हणून तुम्ही माझ्यावरच ओरडत होता. तुम्ही दौलतचे खांदे मातीला लागलेले पाहिले, मग भोंगा ऐकला, आणि डोळ्यांपेक्षा भोंग्यावर विश्वास ठेवून घरी गेलात. आता बैठकीला या. मागे बसू नका. उभे राहा, श्रीपतचं नाव घ्या आणि काय पाहिलं ते सांगा. तिथे लाऊडस्पीकर नसेल. मोठ्यानं सांगा.